विहिरीजवळचा निंब पडला आणि मी स्वस्तातली चेनसॉ मिल घेतली

रोहिणी नक्षत्र लागलं की आमच्याकडं एखादी संध्याकाळ अशी येतेच. मागच्या वर्षी ती आली आणि विहिरीजवळचा निंब मुळासकट आडवा झाला. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यात आमचं वावर आहे, काळी जमीन, आणि हा निंब बाबांच्या लहानपणीही मोठाच होता म्हणतात. त्याच वाऱ्यात धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, एक बाभूळ अर्धी उपटून कलली. दुसऱ्या दिवशी सकाळीच जळतनवाला व्यापारी हजर, यांना कोण फोन करतं काय माहीत, दोन्ही झाडांचे मिळून ४५०० देतो म्हणाला, फांद्यांसकट.

बाबा देऊनच टाकत होते. पण आमचे मिस्त्री, म्हणजे गावातले सुतार, तेव्हा शेजारच्या घरी चौकट बसवायला आले होते, ते बघायला आले. त्यांनी दोरीनं बुंध्याचा घेर घेतला, ६६ इंच, आणि मातीत काडीनं हिशोब मांडला. घेराचा चौथा हिस्सा साडेसोळा इंच, त्याला त्यानंच गुणायचं, मग लांबीनं. सरळ बुंधा ९ फूट मिळत होता. आले १७ घनफूट. "भाऊ, सतरा फूट लाकूड चुलीत घालता काय? निंबाले वाळवी लवकर लागत नाही, घरात दोन दिवाण अन् एक कपाट होते याचं." घरात दिवाण करायचेच होते आणि दुकानात सागाचा भाव ऐकून आम्ही दोनदा परत आलो होतो. व्यापाऱ्याला चहा पाजून पाठवून दिलं.

आता चिरायचं कुठं? आरा मशीन आमच्यापासून २२ किलोमीटर. पाच क्विंटलच्या घरातला बुंधा ट्रॉलीत चढवायला जेसीबी सांगा, वाहतुकीचे कागद करा, तिथं नंबर लावा, आणि एवढं करून परत येताना आपल्याच निंबाच्या फळ्या मिळाल्या का ते देव जाणे, एकदा आमच्या काकांची सागाची मयाल, म्हणजे तुळई, तिथं बदलून आली होती, तेव्हापासून घरात त्या विषयावर कोणी चांगलं बोलत नाही. म्हणून मी उलटा विचार सुरू केला, लाकूड मशीनकडं नेण्यापेक्षा मशीनच लाकडाकडं आणता येते का.

माझ्याकडं कटर होताच. गावात चेनसॉला सगळे कटरच म्हणतात. ५८ सीसी लिहिलेला, २२ इंची बार (चेन जिच्याभोवती फिरते ती पट्टी), दोन वर्षांपूर्वी साडेसहा हजारात घेतलेला, जळतन तोडायला. या कटरच्या बारला एक फ्रेम बसते आणि लांबीत फळ्या निघतात हे मोबाईलवर पाहिलं होतं. अलास्कन मिल म्हणतात तिला. दोन समांतर नळ्या, दोन्ही टोकांना बार धरणारे शिकंजे, आणि वर-खाली करायचे दोन दांडे, बस एवढंच यंत्र. नळ्या लाकडाच्या सपाट पाठीवर टेकवून ढकलत न्यायच्या, बार खाली ठरलेल्या अंतरावर राहतो, तेवढी फळीची जाडी. अमेरिकेतली ग्रॅनबर्ग कंपनी ही बनवण्यात जुनी आणि नावाजलेली, पण ती तिकडून मागवायची म्हणजे कस्टम वगैरे धरून कास्तकाराचं काम नाही. तशाच डिझाइनच्या बिननावाच्या फ्रेमा आपल्याकडं ऑनलाइन तीन-चार हजारापासून मिळतात.

आणखी एक प्रकार दिसला, बारच्या फक्त एका बाजूला पकडणारी छोटी गाडी, ती उभा काप घेते, तिला मिनी मिल म्हणतात. तिच्यानं कडा सरळ करता येतात, चौकोन पाडता येतो, पण रुंद फळी निघत नाही. ती सगळ्यात स्वस्त म्हणून जवळजवळ घेतलीच होती. पट्ट्याच्या आरीची फिरती मिल मस्त दिसते, चिरेत लाकूड पण कमी जातं, पण ती लाखांतली गोष्ट.

मध्येच कागदाचं सांगून टाकतो कारण हे विचारणारे बरेच भेटले. आपल्याकडं झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे, त्याच्या यादीत साग, आंबा, मोह, चिंच, ऐन, खैर, जांभूळ, बिजा, चंदन अशी झाडं आहेत, ती स्वतःच्या वावरातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. निंब आणि बाभूळ त्या यादीत नाही. तरी मी पडलेल्या झाडाचे फोटो काढून तलाठी आणि वन विभागाचं रेंज ऑफिस दोन्हीकडं अर्ज देऊन पोच घेतली, ऑफिसात तीन चकरा पडल्या, एकदा साहेब नव्हते, एकदा शिक्का नव्हता. पण आरा मशीनला लायसन लागतं आणि सुप्रीम कोर्टाच्या जंगलतोडीवरच्या गोदावर्मन केसनंतर ते फार कडक झालंय, त्यामुळं आपण घरात काय चालवतोय हे आधीच कानावर घातलेलं बरं. आणि मी दुसऱ्याचं लाकूड चिरत नाही. पैसे घेऊन पण नाही, फुकट पण नाही.

आता मूळ चूक सांगतो. फ्रेम घेताना मी २४ इंची घेतली, ३९०० रुपये, कारण बार २२ चा, म्हणलं २ इंच जास्तच असू दे. घरी येऊन बसवली आणि टेप लावला. बारवर २२ लिहिलंय पण कटरच्या तोंडापासून टोकापर्यंत प्रत्यक्ष २० भरला. त्यातून एका बाजूचा शिकंजा जागा खातो, दुसऱ्या बाजूचा खातो, शेवटी चिरायला मोकळे राहिले १६ इंच. आणि ६६ इंच घेराच्या बुंध्याची जाडी होते २१ इंच. म्हणजे फ्रेम केवढीही घ्या, खरं माप बारचं, आणि बारच्या मापातून ४ ते ६ इंच वजा करूनच मोजायचं. मोठा बार लावू म्हणावं तर ५८ सीसीला तो ओढवत नाही. ३६ इंची बार लांबीत चालवायचा तर ९० सीसीच्या आसपासचं इंजिन पाहिजे, तसल्या कटरच्या किमतीत एक बैल येतो.

दोन दिवस मी फ्रेमकडं नुसता बघत होतो. बाबा जाता येता विचारायचे, "झाली का फॅक्टरी सुरू?"

सोडवलं मिस्त्रींनीच. "गोल काहून चिरता? आधी चौकोन करा नं. आमी वासा असाच काढतो." साधं गणित आहे, २१ इंची गोलाच्या वरून ३ इंच खाली काप घेतला तर तिथली रुंदी १५ च्या आतच भरते. ती पाठ, म्हणजे वरचा सालीकडचा गोल तुकडा, काढायची, बुंधा पाव फेरा फिरवायचा, पुन्हा ३ इंचावर काप, असे चारही बाजूंनी चार काप घेतले की मध्ये १५ बाय १५ चा चौकोनी तुळईसारखा तुकडा उरतो, कोपरे थोडे गोल, आणि मग कुठलाच काप १५ च्या वर जात नाही. १६ इंचात सगळं बसलं! बुंधा फिरवायला आत्याचा पोरगा, मी आणि दोन सबली, म्हणजे लोखंडी पहारी. एकदा तो जास्तच फिरला आणि सरळ विहिरीच्या दिशेनं निघाला, बाभळीचा ठोकळा आडवा टाकला म्हणून थांबला.

काम प्रत्यक्षात दिवाळीनंतर सुरू झालं, पऱ्हाटीच्या पहिल्या वेच्यानंतर, कारण आधी पेरणी, डवरण, फवारणी, कोणाला वेळ आहे. ही दुसरी चूक. तोडलेल्या टोकांना त्याच दिवशी ऑइल पेंट किंवा डांबर फासायला पाहिजे होतं. मी नाही फासलं, आणि पाच महिन्यांत दोन्ही टोकांना चार-चार बोटं खोल तडे गेले. लाकूड टोकांतून सगळ्यात लवकर सुकतं आणि तिथंच फाटतं. ९ फुटातला जवळपास वीतभर माल असाच गेला.

पहिल्या कापाला सपाट पाठ नसते, झाड गोल, फ्रेमच्या नळ्या टेकवणार कुठं? लोक शिडी वापरतात. आमची शिडी वेळूची, ती आमच्यासारखीच वाकडी. वेल्डिंगवाल्याकडून १० फुटाचे दोन चौकोनी पाइप आडव्या पट्ट्या मारून शिडीसारखे जोडून घेतले, ९०० रुपये मजुरीसकट. बुंध्याच्या दोन्ही टोकांना लाकडाचे ठोकळे स्क्रूनं ठोकून त्यावर ही शिडी, पाणसळ लावून. मधल्या पोटात ती कटरच्या वजनानं झोल खाते, तिथं पाचरी घालून टेकू द्यायचा. पहिली पाठ जेवढी सरळ, तेवढ्याच पुढच्या सगळ्या फळ्या सरळ, कारण प्रत्येक फळीची फ्रेम आधीच्या कापावरच चालते. मी इथं अर्धा दिवस घालवला आणि तो अर्धा दिवस वसूल झाला.

पण पहिला काप! सकाळी साडेसहाला सुरू केला. फ्रेमचा पुढचा शिकंजा मी बारच्या अगदी टोकावर कसला होता. टोकाला चेन फिरवणारं छोटं चाक असतं हे माहीत असून डोक्यात नव्हतं. चाक दाबलं गेलं, चेन अडखळत फिरली, दोन मिनिटांत टोक निळं पडलं आणि जळका वास. शिकंजा चाकाच्या मागं घेतला, म्हणजे आणखी एक इंच गेला, आता मोकळे १५. बरोब्बर काठावर. पुन्हा चालू. कटर नुसता रडत होता. ९ फुटाला ४० मिनिटं, दोन टाक्या पेट्रोल, आणि पाठ उघडली तर वखरलेल्या वावरासारख्या तासा पडलेल्या. मिस्त्री आले, भुश्याचा ढीग पाहिला, फळी पाहिली. "भाऊ, हे भुसा पाडाचं मशीन हाय, फळी फुकटात भेटते वाटते."

दोष कटरचा नव्हता, चेनचा होता. कटरसोबत येणारी चेन आडवं तोडायला असते, तिच्या दात्याची वरची धार साधारण ३० अंशात घासलेली असते. लांबीत चिरताना धार १० अंशाच्या आसपास पाहिजे, त्याला रिपिंग चेन म्हणतात. यवतमाळात तीन दुकानं फिरलो, कोणाला नावच माहीत नाही. नागपूरला कामानं गेलो तेव्हा इतवारीत लोहाओळीत विचारलं, तिथला एकजण म्हणाला, "भैया, चेन तो चेन होती है, इसमें क्या लंबा और क्या आडा." शेवटी साधीच नवीन चेन घेतली, माझ्या बारला चालणारी, पॉइंट ३२५ पिच (कड्यांमधलं अंतर), पॉइंट ०५८ गेज (बारच्या खाचेत बसणारी जाडी), ८६ लिंक (त्या खाचेत फिरणाऱ्या कड्या). हे तीन आकडे बारवर आणि डब्यावर बघूनच घ्या, नुसतं "२२ ची चेन द्या" म्हणलं की दुकानदार हाताला येईल ती देतो. आणि तीन गोल कानस घेतल्या, ४.८ एमएमच्या.

घरी पोरीच्या कंपासपेटीतला कोनमापक घेतला, बारवर मार्करनं १० अंशाची रेघ मारली, आणि बसलो घासत. एकेक दाता. ८६ लिंक म्हणजे ४३ दाते, दोन्हीकडचे मिळून. पहिल्यांदा अख्खी दुपार गेली. बायको म्हणाली, एवढ्या प्रेमानं कधी विळा लावून दिला नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याच लांबीचा काप १८ मिनिटांत झाला, एका टाकीत, आणि भुसा पिठासारखा न पडता बारीक काड्यांसारखा पडायला लागला, फळीवर हात फिरवला तर कुसळ नाही. कटर तोच, फ्रेम तीच. म्हणून कोणी मला विचारलं की स्वस्त मिल कोणती घेऊ, तर मी आधी विचारतो की तुला कानस चालवता येते का. चार हजाराची फ्रेम आणि धारदार चेन, हे पंधरा हजाराची फ्रेम आणि बोथट चेन याच्यापेक्षा कधीही बरं. धार दर कापानंतर लावायची, प्रत्येक दात्याला दोन-तीन ओढ, बोथट झाल्यावर नाही, बोथट व्हायच्या आधी.

स्वस्त फ्रेमचं दुखणं पण आहे, लपवत नाही. तिचे नट थरथरीनं सैल होतात. दुसरी पाठ काढली तर एका टोकाला ३ इंच आणि दुसऱ्या टोकाला दोन सूत, म्हणजे पाव इंच, कमी. मला वाटलं माझे हात वाकडे, मग पाहिलं तर एक दांडा हळूहळू सरकत होता. सगळे नट काढून नायलॉकचे, म्हणजे थरथरीनं सैल न होणारे, टाकले, खाली स्प्रिंग वायसर, सगळे मिळून दीडशे रुपये, नंतर त्रास नाही. तरी दर कापाआधी चारही ठिकाणी माप घेतो.

इंजिनवर हे काम भयंकर भारी पडतं. जळतन तोडताना कटर दहा सेकंद ओरडतो आणि श्वास घेतो, इथं पंधरा-वीस मिनिटं एकसारखा पूर्ण रेसवर. माझ्या कटरला पेट्रोलच्या लिटरला ४० मिली टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल सांगितलंय, तेवढं मोजूनच घालतो, अंदाजानं नाही. काप संपला की लगेच बंद करायचा नाही, एक-दोन मिनिटं मंद चालू ठेवायचा म्हणजे थंड होतो. एअर फिल्टर दर टाकीला झटकायचा. बुंधा थोडा उतारावर ठेवला तर कटर स्वतःच्या वजनानं पुढं सरकतो, ढकलून कंबर मोडत नाही, आणि मागं चिरेत पाचरी मारत जायच्या, नाहीतर फळी खाली बसून बार आवळते. वाऱ्याकडं पाठ करून उभं राहायचं. पहिल्या दिवशी मी सायलेन्सरच्या धुरात वाकून होतो, दुपारपर्यंत डोकं फुटायची वेळ आली. बूट, चेहऱ्यावर जाळी, कानाला मफ, हे घातल्याशिवाय आई हातच लावू देत नव्हती, पहिल्या दिवशी चपलेवर होतो तेव्हा जे ऐकलंय ते ऐकलंय.

निंबाचा भुसा मात्र कोणी सांगितला नव्हता. तोंडाला रुमाल बांधूनही तो घशात जातो, आणि तिथून हालत नाही. दोन दिवस चहा कडू, भाकर कडू, गूळ खाल्ला तर गूळही कडू. आई म्हणाली बरं आहे, पाडव्याचा निंब आताच खाऊन झाला.

चार पाठी काढून झाल्यावर मधल्या १५ इंची तुकड्यातून दीड-दीड इंचाच्या ८ फळ्या निघाल्या. मधल्या ७ कापांत प्रत्येकी तीन सूत लाकूड भुसा झालं, एकवीस सूत, म्हणजे अडीच इंचाच्या वर, दीड फळी म्हणा ना. आरा मशीनचा पट्टा एवढं खात नाही. मिस्त्रींचं बोलणं हिशोबानं खरंच होतं. पण ती दीड फळी सोडली तरी ८ फळ्या वावरातच उभ्या होत्या, ना ट्रॉली ना जेसीबी. पेट्रोल सगळं मिळून ६ लिटरच्या आसपास गेलं.

बाभळीनं मात्र मस्ती जिरवली. ती ओली असतानाच चिरायला पाहिजे, सुकलेली बाभूळ म्हणजे लोखंड, चेन अर्ध्या कापात बसते. ती थोडी तग धरून होती, दिवाळीनंतर तोडली, म्हणून निदान ओली मिळाली. पहिला काप छान गेला. पाठ उचलली तर लालसर लाकडात एक निळा-काळा पट्टा, शाई सांडल्यासारखा, हातभर लांब. मी म्हणलं वा, काय डिझाइन आहे. पुढचा काप त्या पट्ट्याखालून घेतला आणि मध्यावर कर्रर्र, ठिणग्या, चेन जागेवर. आत जुन्या कुंपणाची काटेरी तार, झाडानं गिळलेली. बाभळीच्या लाकडातला तुरट अंश लोखंडाला लागला की तो काळा पडतो, तो डाग म्हणजे झाडानं दिलेली सूचनाच होती. ११ दाते गेले. आता धुऱ्यावरचं कुठलंही झाड असलं की जुन्या स्पीकरचं चुंबक आधी सालीवरून फिरवतो, फार खोलचं सापडत नाही त्याला, पण काळा डाग दिसला की तिथं थांबतो आणि कुऱ्हाडीनं उकरून बघतो.

बाभळीच्या तीन फळ्या निघाल्या. बाहेरचं पांढरं लाकूड सगळं तासून टाकलं, त्यालाच घुण आधी लागतो, आणि फळ्या नाल्याच्या डोहात दगड ठेवून दोन महिने बुडवल्या, बाबांच्या काळात बंडीचं लाकूड असंच मुरवायचे म्हणे.

निंबाच्या फळ्या कोठ्यात रचल्या आहेत, उन्हात नाही. खाली विटा, प्रत्येक दोन फळ्यांमध्ये इंचभर जाडीच्या पट्ट्या, दीड-दीड हातावर, वरच्या खालच्या पट्ट्या एका रेषेत, आणि सगळ्यात वर विहिरीचे चार दगड. तरी सगळ्यात वरची फळी पिळली, तिच्यावरचा एक दगड कोणीतरी चूल मांडायला नेला होता. पाठींपैकी एकीला चार पाय ठोकून विहिरीजवळ बाकडं केलं, निंब होता त्याच जागी, सालीसकट. बाबा दुपारी त्यावरच झोपतात आणि फॅक्टरीबद्दल आता काही बोलत नाहीत.

इंचाला एक वर्ष सुकू द्यायचं असं मिस्त्री म्हणतात, माझ्या फळ्या दीड इंचाच्या. ते महिन्यातून एकदा तरी येतात, तंबाखू मळत कोठ्यात जातात, बोटाच्या पेरानं मधली फळी वाजवतात, कान लावतात.

"अजून थप्प वाजते भाऊ. दिवाण पुढच्या दिवाळीले."